गयाबाईवाली भूल

"मॅडम, मला गयाबाईवाली भूल द्या."

सिल्लोडकडच्या एका बाईनं ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मला असं सांगितलं, तेव्हा मी लिहिता लिहिता थांबले. तोवरच्या इतक्या वर्षांत पेशंटांनी माझ्याकडे नाना गोष्टी मागितल्या होत्या. सुई बारीक वापरा, मंगळसूत्र गळ्यातच राहू द्या, शुद्धीवर आल्यावर आधी सासूला नको, आईला आत पाठवा. भूल मात्र कोणी नाव सांगून मागितली नव्हती. ही बाई हॉटेलात थाळी मागवावी तशी मागत होती.

गयाबाई कोण, हे मला पक्कं माहीत होतं. त्यांना मी कुठली भूल दिली तेही. या बाईला जी हवी होती, ती मी गयाबाईंना दिलीच नव्हती. आणि ही गोष्ट ठाऊक असलेली माणसं जगात तीनच आहेत, अशी माझी समजूत होती: मी, सर्जन डॉ. काझी आणि ऑपरेशन थिएटरमधले मदतनीस शेषरावमामा.

मी भूलतज्ज्ञ. आमच्या मुकुंदवाडीच्या गल्लीतली पहिली डॉक्टर. वडील रेल्वेत गँगमन होते. मेडिकलला नंबर लागला तेव्हा बुद्धविहारात माझा सत्कार झाला, गल्लीभर पेढे वाटले गेले. पुढं मी भूलशास्त्र घेतलं तेव्हा मात्र आईला लोकांना तोंड देणं जड गेलं. "मंग आपरेशन कोन करतं?" "दुसरा डॉक्टर." "मंग तुमची पोरगी काय करती?" "झोपवती." शेजारच्या काकू आईची समजूत घालायच्या, "जाऊ दे, नोकरी तर सरकारी लागंल." तीही लागली नाही.

मी फिरती भूलतज्ज्ञ झाले. हा प्रकार बाहेरच्यांना माहीत नसतो. लहान हॉस्पिटलांना कायमचा भूलतज्ज्ञ परवडत नाही, म्हणून तो फोन करून बोलावला जातो. स्वतःची औषधं, घशात नळी घालायचं साहित्य, सगळं एका बॅगेत घेऊन मी लुनावरून या नर्सिंग होममधून त्या नर्सिंग होममध्ये हिंडायची. सकाळी उस्मानपुऱ्यात सिझर, दुपारी सिडकोत अपेंडिक्स. तेव्हा सिडकोच्या पुढं ज्वारी होती. मग बीड बायपासला वावरांच्या जागी हॉस्पिटलं उठली, लुनाची स्कूटी झाली, स्कूटीची गाडी झाली. शेवटची पंधरा वर्षं मी एकाच मोठ्या हॉस्पिटलात स्थिरावले. तिथं डॉ. काझींची कॅन्सरची ऑपरेशनं असायची आणि उशाशी मी.

झोपवणं हे दोन मिनिटांचं काम आहे. पुढचे तीन तास त्या माणसाला जिवंत ठेवणं आणि मग धडपणे उठवणं, हा आमचा खरा धंदा. सर्जनचं लक्ष वीतभर जागेवर असतं. उरलेला अख्खा माणूस माझा. त्याचा श्वास माझ्या हातात, नाडी माझ्या बोटाखाली. तो उठला की सर्जनच्या पाया पडतो आणि मला विचारतो, "सिस्टर, चहा कधी मिळंल?" याचं वाईट वाटायचं, नाही असं नाही. पुढं सवय झाली.

कॅन्सरच्या पेशंटांत आणखी तऱ्हा. लासूर स्टेशनचे एक आडत व्यापारी गालाच्या गाठीसाठी आले होते. तोंड उघडा म्हटलं तर एक बोट जाईना. "गुटखा किती वर्षं?" "छ्या मॅडम, फक्त सुपारी. तीबी सुगंधी." त्यांच्या नाकातून, जागेपणी, दुर्बिणीनं नळी घालायला मला पाऊण तास लागला. नळीच्या आधी मामांनी त्यांच्या दुसऱ्या गालातून तीच सुगंधी सुपारी काढली. ऑपरेशनच्या टेबलावर येतानाही त्यांना ती थुंकवली नव्हती.

आता मूळ मुद्द्यावर येते.

पूर्ण भूल देण्याचे दोन मुख्य रस्ते आहेत. एक गॅसचा. मशीनच्या चकतीवर प्रमाण ठरवायचं, पेशंट श्वासावाटे तो घेतो आणि झोपलेला राहतो. मी यात वाढले. माझा डावा हात ती चकती न बघता फिरवू शकतो. दुसरा रस्ता शिरेतून. दुधासारखं पांढरं औषध पंपानं थेंबाथेंबानं सोडायचं. त्याच्या जोडीला पाठीच्या कण्याशेजारी सुई घालून छातीची एक बाजू बधिर केली की वेदनेची जड औषधंही फारशी लागत नाहीत. याला आम्ही ब्लॉक म्हणतो.

एका परिषदेत मी ऐकलं की कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये या दोन रस्त्यांमुळं पुढच्या आयुष्यात फरक पडत असावा. गाठ काढताना काही पेशी रक्तात सुटतात. शरीरात गस्त घालणाऱ्या पेशी त्यांना पकडून मारतात. पण वेदना, ताण, अफूच्या जातीची औषधं आणि बहुधा गॅसही, यांनी ती गस्त नेमकी त्याच दोन-चार दिवसांत ढिली पडते. पंप आणि ब्लॉक वापरला तर गस्त शाबूत राहील आणि आजार परत येण्याचं प्रमाण कमी होईल, असा तो विचार. बोलणारा माणूस सारखं "असावा", "कदाचित", "अजून सिद्ध व्हायचंय" म्हणत होता. मी तेवढे शब्द सोडून बाकीचं वहीत उतरवलं.

का, ते मला आज कळतं. आयुष्यभर जिला लोक सिस्टर समजले, तिला अचानक कोणी सांगितलं की बाई, पाच वर्षांनंतर पेशंट जगेल की नाही हे तुझ्या हातात आहे. माझ्या डोक्यात हवा गेली. मी हॉस्पिटलच्या मागं लागून दोन पंप घ्यायला लावले, ब्लॉकचा हात बसवला आणि जो भेटेल त्याला हे ऐकवू लागले. डॉ. काझी शांत माणूस. हात धूत धूत म्हणाले, "मॅडम, मेरेकू मरीज सोया हुआ होना, बस. बाकी तुम जानो."

लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, त्याच उन्हाळ्यात गयाबाई आल्या. आमच्या शहराचंही काही खरं नव्हतं. नळाला आठवड्यानं पाणी, हॉस्पिटल टँकरवर. टँकर आला नाही तर ऑपरेशनची यादी पुढं ढकलली जाई. सर्जन लोक हात धुवायला दोन तांब्यांत भागवायला शिकले होते.

गयाबाई सिल्लोड तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या. धनगराच्या. थोडी शेती, मेंढरं, आणि पोटाला कमी पडलं की दुसऱ्याच्या वावरात रोजानं. वय पन्नासच्या आतबाहेर, अंगानं काटक. डाव्या स्तनात गाठ. काझीसरांनी तपासून सांगितलं की वेळेवर आलात, काढून टाकू, चांगलं होईल. गयाबाई म्हणाल्या, नाय करायचं.

सून रडकुंडीला आली. मी भुलीच्या तपासणीसाठी वॉर्डात गेले तर गयाबाई गाठोडं बांधून बसलेल्या.

"गयाबाई, कशाची भीती वाटते? कापण्याची?"

"कापायला काय भ्यायचं बाई. मायी थोरली बहीन. तिचं बी काढलं व्हतं. दीड वर्सात परत आलं, मान, पाठ, समदीकडं. लई हाल झाले तिचे. परत यायचंच आसंल तर कापून काय उपेग?"

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर सर्जननं द्यायचं असतं: कोणाचं परत येतं, कोणाचं येत नाही, तुमची गाठ कुठल्या टप्प्यावर आहे. ते त्यांनी दिलंही होतं. पण माझ्या डोक्यात हवा होती. मी त्यांच्या खाटेवर बसले आणि म्हणाले, "गयाबाई, भुलीचे दोन प्रकार असतात, गॅसची आणि पंपाची. मी तुम्हाला पंपाची भूल देते, आजार परत येऊ नये म्हणून तिची मदत होईल."

गयाबाईंनी माझ्याकडं रोखून पाहिलं. "म्हंजी परत यायचं नाय?"

इथं मी थांबायला हवं होतं. "मदत होईल" आणि "येणार नाही" यांत केवढं अंतर आहे, हे सांगायला हवं होतं. मी मान हलवली.

"तुमचा शब्द हाय?"

"हो."

"मंग आना तो कागद," त्या म्हणाल्या आणि सुनेकडं गाठोडं सोडायला दिलं. संमतीपत्रावर त्यांचा अंगठा उठला तो काझीसरांच्या सांगण्यावरून नाही, माझ्या एका मानेवरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्यांचा पहिला नंबर होता. टँकर आला नाही. नऊ वाजले, अकरा वाजले, एक वाजला. टँकर दीडला आला आणि गयाबाई दोनला आत आल्या. मी नेहमीचे प्रश्न विचारले. शेवटचं कधी खाल्लं? काल सांजच्याला. पाणी? काल रातच्याला सिस्टरनं बंद केलं तवापून नाय. छान, मी म्हटलं आणि कागदावर खूण केली. भूल देणाऱ्याला रिकाम्या पोटाचा पेशंट म्हणजे निम्मी काळजी मिटल्यासारखी. पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जीव जातो, म्हणून उपाशी ठेवतो आम्ही. पण साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. सकाळी नऊला, अकराला, कधीही मी वॉर्डात निरोप पाठवू शकले असते की त्यांना दोन घोट द्या. माझ्या ते मनातही आलं नाही. पोट रिकामं आहे ना, हे विचारायची सवय हाडात मुरलेली. अंगात पाणी आहे का, हे विचारायची नव्हती.

आणि ही बाई कुठून आली होती? जिथं टँकर चौथ्या दिवशी यायचा, आधी मेंढरं प्यायची मग माणसं. महिना-दोन महिने ती दिवसाला तांब्या-दीड तांब्यावर राहत होती. नाडी जलद लागली, मी म्हटलं भ्यायल्या असतील. जीभ कोरडी होती, म्हटलं उपाशी आहेत. सगळं समोर मांडून ठेवलेलं होतं आणि मी माझ्या नव्या पंपाकडं बघत होते.

ब्लॉक दिला. पंप सुरू केला. स्नायू सैल करायचं औषध देऊन नळी घातली. काझीसर छातीवर औषधाचं पाणी चोळत होते, अजून चाकू लागलेला नव्हता. मॉनिटरवर ब्लडप्रेशर ऐंशी झालं. मग साठ. मग मशीन आकडाच दाखवेना.

मी मनगटाला हात लावला. नाडी लागेना. मानेला लागली, ती पण दोऱ्यासारखी. कोरड्या अंगाच्या बाईला मी दोन्हीकडून झोपवलं होतं. ब्लॉकनं आणि त्या पांढऱ्या औषधानं रक्तवाहिन्या सैल पडल्या, आणि त्यांत भरायला पाणीच नव्हतं. पुढची सात-आठ मिनिटं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. पंप बंद. पाय वर. दोन्ही हातांना सलाइन, मामा पिशव्या मुठीत धरून पिळतायत. प्रेशर वाढवायचं इंजेक्शन, पुन्हा तेच. काझीसर हात वर धरून उभे. लघवीची नळी घातली तर पिशवीत चमचाभर, गडद.

प्रेशर आलं. सत्तर, नव्वद, शंभर. काझीसरांनी विचारलं, "क्या करना मॅडम? बंद करते? बाद में देखेंगे." मी म्हटलं, नाही, करू. एकदा घरी गेल्या तर या बाई परत येणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. पण तो पंप पुन्हा सुरू करायची माझी छाती झाली नाही. माझा डावा हात आपोआप चकतीकडं गेला. मी गॅस लावला. वेदनेला अफूच्या जातीचं औषध दिलं. जे जे टाळीन म्हणून शब्द दिला होता ते सगळं दिलं. ऑपरेशन उत्तम झालं. संध्याकाळी गयाबाईंनी डोळे उघडून पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या खाटेपाशी उभी राहिले ती अर्धा मिनिट. दुखतं का? नाय. उलटी? नाय. मी निघाले. काझीसर म्हणाले होते, "बोलने की क्या जरुरत? बाई ठीक है ना?" मी ठरवलं, टाके काढायला येतील तेव्हा सांगू. टाके काढायला त्या आल्या त्या माझ्यासाठी घोंगडी घेऊन. आपल्या मेंढरांच्या लोकरीची, काळीभोर, जाड. मे महिना. मी ती मांडीवर घेऊन घामाघूम बसले होते आणि त्या सुनेला सांगत होत्या, "ह्या बाई नसत्या तर म्या केलंच नसतं." कशी सांगणार होते मी?

आणि मग सहा-आठ महिन्यांनी ती पहिली बाई आली: गयाबाईवाली भूल द्या. पाठोपाठ दुसरी. सिल्लोडहून, मग भोकरदनकडून. एकीनं दीड वर्ष गाठ लपवली होती, एक तर नवऱ्याशी भांडून आली होती. सगळ्यांच्या बोलण्याचा सूर तोच: परत न येणारी भूल. मी त्यांना काय म्हणत असे? "चांगलीच देईन." त्यांना मी पंप आणि ब्लॉक खरोखर दिला, वॉर्डात स्वतः उभी राहून, पाणी पाजून दिला. खोटं फक्त गयाबाईंच्या बाबतीत होतं. पण सगळ्या आल्या होत्या त्या गयाबाईंच्याच बाबतीतलं ऐकून. काझीसर थट्टा करायचे, "मॅडम, बोर्ड लगा दो. गयाबाईवाली भूल, हमारी दुसरी शाखा नहीं." मी हसायची. घरी जाऊन मला झोप नीट लागायची नाही. दर वर्षी गयाबाई तपासणीला आल्या की काझीसरांच्या खोलीचं दार उघडेपर्यंत मी दुसरं काम हातात घेत नसे. त्यांचं परत आलं तर? तर ते माझ्या चकतीमुळं.

मग एका मोठ्या अभ्यासाचा निकाल आला. स्तनाच्या कॅन्सरच्या पुष्कळ बायका, अनेक देशांतल्या, कोणाला गॅस आणि कोणाला ब्लॉक हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. आजार परत येण्यात काही फरक दिसला नाही. दुसऱ्या कॅन्सरांबद्दल, पंपाच्या औषधाबद्दल अजून शोध चालू आहे. उद्या काही वेगळंही निघेल. पण मी ज्यावर शब्द दिला होता, तिथं तरी पायाखाली काही नव्हतं.

दोन दिवस मी हलकी होऊन हिंडले. माझ्या गॅसनं गयाबाईंचं काही बिघडलं नव्हतं! तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना लक्षात आलं. जी वस्तू जगात नव्हतीच, ती मी त्यांना देते म्हणाले, आणि तीही दिली नाही.

त्या वर्षी सांगायचं ठरवलं, तर करोना आला. दोन वर्षं गयाबाई आल्या नाहीत. फोन लागेना. तिसऱ्या वर्षी बाहेर बाकावर त्यांचा आवाज ऐकला तेव्हा मी हातातलं काम टाकून दारात आले. काझीसरांनी तपासलं, फोटो पाहिले, दारातूनच मला म्हणाले, "साफ है मॅडम. बिल्कुल साफ."

मी गयाबाईंना माझ्या खोलीत बसवलं आणि दार लावलं. निवृत्तीला तीन महिने होते. सगळं सांगितलं. शब्द दिला होता तो कसा दिला, पाणी बंद ठेवलं, प्रेशर गेलं, पंप बंद केला, गॅस लावला. तो नवा अभ्यासही सांगितला. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होत्या.

"ठाव हाय मला," त्या म्हणाल्या.

"काय ठाऊक आहे?"

"गॅस लावला ते. म्या ऐकलं ना. छातीवर गार गार काय तरी लागत व्हतं. तुमी वरडल्या, आता पंप नको, गॅस लावते. मला हात हालवायचा व्हता, हालंना. डोळं उघडंना. मला वाटलं, म्या मेले."

पंप बंद केला तेव्हा झोपेचं औषध उतरलं होतं आणि स्नायू सैल करायचं औषध अंगात तसंच होतं. पेशंट जागा, आणि पापणीसुद्धा हलवता येत नाही. आमच्या धंद्यात याहून वाईट काही नाही. म्हणून तर ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी आम्ही प्रत्येकाला एक प्रश्न विचारतो: आत असताना काही ऐकू आलं? पस्तीस वर्षांत मी तो फक्त एकाच पेशंटला विचारला नव्हता. गयाबाई बोलायला लागल्या तर कुठली भूल दिली ते निघेल, या भीतीनं मी अर्ध्या मिनिटात पळाले होते.

"कापताना?" मी कसंबसं विचारलं.

"नाय, नाय. तवा कायच नाय. थोडाच येळ व्हतं ते."

मी हात जोडले. मला रडू आलं आणि मी ते थांबवलं नाही. "गयाबाई, इतकी वर्षं तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तुमी तरी कुठं सांगितलं?"

मी म्हणाले, "मग त्या बायांना का पाठवलं? ती भूल तुम्हाला मिळाली नाही, हे माहीत असताना?"

"म्या कुनाला खोटं बोलले नाय बाई. म्या म्हनलं, मला दिली ती भूल मागा, बाई चांगल्या हायेत. परत न येनारी हे त्याच म्हनत बसल्या. म्या काऊन नाय म्हनू? येत तर व्हत्या." मग दाराकडं बोट केलं. "आता भाईर एक बसलीया. नसीमा. आमच्या आंगनवाडीची बाई. ती मोबाईलवर समदं वाचती, मायं ऐकंना. तिला तुमी सांगा."

नसीमा तिशीतली, नीटनेटकी, हातात फाइल. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, गयामावशी म्हणतात तुमची भूल वेगळी. मी वाचलं, भुलीनं काही फरक पडत नाही. खरं काय?"

यावेळी मी मान हलवली नाही. सांगितलं, "फरक पडतो असं मला वाटायचं. तसं दिसलेलं नाही. आजार परत येणार नाही, असा शब्द मी देऊ शकत नाही, काझीसरही देणार नाहीत. वेळेवर काढला तर बरं होण्याची आशा चांगली आहे, ते तेच तुला नीट सांगतील. माझं काम तुला झोपवणं, सगळा वेळ उशाशी बसणं आणि उठवणं. त्यातही चूक होते. या मावशींच्या बाबतीत झाली. त्या काही मिनिटं आत जाग्या होत्या." आणि ती चूक कशी झाली, तेही सांगितलं.

नसीमानं एकदा माझ्याकडं, एकदा मावशींकडं पाहिलं. फाइल उचलली. "घरी विचारून सांगते," म्हणाली आणि गेली.

गयाबाई माझ्यावर इतक्या चिडल्या की मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. "समदं सांगायची काय गरज व्हती? आता ती यायची नाय. दोन लेकरं हायेत तिला."

आठ दिवस गेले. पंधरा गेले. मी रोज काझीसरांची यादी बघत होते. खरं बोलल्याचं समाधान वगैरे मला काही मिळालं नाही. एका बाईला मी खोटं बोलून वाचवलं आणि दुसरीला खरं बोलून घालवलं, हाच हिशेब डोक्यात फिरत होता. विसाव्या दिवशी यादीत तिसऱ्या नंबरला नसीमाचं नाव होतं.

त्या दिवशी सकाळी मी स्वतः तिला ग्लासभर पाणी दिलं, वेळ बघून. टेबलावर तिनं माझं मनगट धरलं. "मॅडम, उद्या मला तो प्रश्न विचारायला या हं. पळून जाऊ नका." मी म्हटलं, येते. गॅसवरच झोपवलं तिला, ब्लॉकही दिला, वेदना कमी होतात म्हणून. त्यासाठी तो उत्तमच आहे.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात गेले. नसीमा उशीला टेकून चहा पीत होती. स्टुलावर गयाबाई. अजून थोड्या फुगलेल्याच.

"नसीमा, आत असताना काही ऐकू आलं?"

"काहीच नाही मॅडम. तुम्ही आकडे मोजायला लावले, चारनंतर थेट वॉर्डच."

मी कागदावर तसं लिहिलं आणि वळले, तर गयाबाईंनी माझा पांढरा कोट धरला.

"आता मला इचारा."

वॉर्डातल्या बाया बघायला लागल्या. मी त्यांच्यासमोर वाकले आणि विचारलं, "गयाबाई, आत असताना काही ऐकू आलं?"

"आलं की," त्या म्हणाल्या. "म्या मेले आसं वाटलं, तवा तुमी मामाला म्हनत व्हत्या, ही बाई माझ्या शब्दावर आलीया, हिला जाऊ द्यायचं नाय. दोनदा म्हनल्या. मंग म्या भ्याले नाय."

मी असं काही बोलल्याचं मला आजही आठवत नाही.